एका स्विचपेटीतील भिन्न विद्युतदाब

एकाच स्विचपेटीत (बोलीभाषेत ‘बोर्ड’) निरनिराळ्या दाबांची वा निरनिराळ्या स्रोतांची विद्युतमंडले आणणे, हा गृहविद्युतीकरणातील सुरक्षेचा महत्त्वाचा विषय आहे. अशी पेटी सरसकट निषिद्ध नाही. मात्र ती काही अटींवरच ग्राह्य ठरते.

दाबांचे प्रकार

भारतात एकफेजी घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. तीनफेजी जोडणीत कोणत्याही दोन फेजांमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट भरतो. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी ५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला अतिन्यून दाब म्हणतात. दूरध्वनी, ब्रॉडबँड तसेच १२ किंवा २४ व्होल्टचे सौरदिवे यांच्या तारा या वर्गात मोडतात.

कायदेशीर तरतुदी

भारतीय विद्युत नियम, १९५६ नुसार भिन्न दाबांची मंडले कायमस्वरूपी खुणांनी सहज ओळखता येतील अशी ठेवणे मालकावर बंधनकारक होते. प्रत्यावर्ती व एकदिश प्रवाहाची मंडले एकाच पेटीत असल्यास, ती चालू असताना परस्परांना स्पर्श करणार नाहीत अशी त्यांची मांडणी व संरक्षण असावे, असेही त्यांत नमूद होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत या तरतुदी कायम राहिल्या. २५० व्होल्टहून अधिक दाबाच्या ठिकाणी धोक्याची सूचना लावणेही या विनियमांनी आवश्यक ठरवले. त्यांची जागा पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली.

भारतीय मानक ७३२ हे इमारतींतील वायरिंगविषयीचे मानक आहे. अतिन्यून दाबाच्या व घरगुती दाबाच्या तारा एकत्र आणायच्या असल्यास प्रत्येक तारेचे आवरण तेथील सर्वाधिक दाब सोसणारे असावे, अथवा दोहोंमध्ये पक्का आडपडदा असावा, हे या विषयातील मूलतत्त्व आहे. घरगुती वायरिंगची तार सामान्यतः ११०० व्होल्ट प्रतीची असते; दूरध्वनीची तार तशी नसते. त्यामुळे दोन्ही तारा एका पेटीत मोकळ्या सोडता येत नाहीत. अमेरिकेच्या संहितेत शेजारच्या दोन स्विचांमधील दाब ३०० व्होल्टहून अधिक असल्यास आडपडदा आवश्यक मानला आहे. भारतातील दोन फेजांचा ४०० व्होल्ट दाब या मर्यादेबाहेर जातो.

रायगड किनारपट्टीवरील महत्त्व

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर हवा खारी व दमट असते. स्विचच्या पृष्ठभागावर बसलेला क्षाराचा थर ओलावा शोषून घेतो. त्यातून दोन स्क्रूंच्या दरम्यान गळतीप्रवाह वाहू लागतो आणि कालांतराने प्लास्टिक करपते. दोन फेजांचे स्विच शेजारी असल्यास हा धोका वाढतो.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातील विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर कोसळले व अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. वीज अशी खंडित होणाऱ्या भागात इन्व्हर्टर व सौरसंच ही निकड ठरते. परंतु त्यांमुळे एका पेटीत दोन स्रोत येतात. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरची तार जिवंत राहते. दाब सारखाच २३० व्होल्ट असल्याने ती नजरेने ओळखू येत नाही. पुरवठा बंद असल्याच्या समजुतीने पेटी उघडणाऱ्या व्यक्तीस जीवघेणा धक्का बसू शकतो.

जोडणीतील दक्षता

एका पेटीत शक्यतो एकाच फेजची जोडणी ठेवावी. इन्व्हर्टर व सौरसंचाच्या तारांना स्वतंत्र पेटी द्यावी. ते शक्य नसल्यास आडपडदा घालावा व झाकणावर ‘दोन स्रोत’ अशी टिकाऊ सूचना लिहावी. दोन्ही मंडलांच्या न्यूट्रल तारा एकत्र जोडू नयेत. काम सुरू करण्यापूर्वी सर्व स्रोत बंद करून प्रत्येक टोक तपासावे.

वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. २०१० च्या विनियमांत दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यास या अटीतून सूट होती. सामान्य माणूस स्वतः पेटी उघडतो तो बहुधा अशाच कामासाठी. म्हणून झाकणावरील सूचना कारागिराइतकीच घरातील माणसांसाठीही आवश्यक असते.