कृतज्ञता १७४८, पश्चात्ताप १७८८ : जॉन न्यूटनची चाळीस वर्षे (थ्रेड)

१/२०
‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायले जाणारे ख्रिस्ती भक्तिगीत. त्याच्या जन्माची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. गुलामांची ने-आण करणारा एक कप्तान समुद्री वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, तो वाचला, त्याच क्षणी त्याने तो धंदा सोडला आणि हे गीत लिहिले. कथा सुरेख आहे, पण तिच्यातील तारखा जुळत नाहीत.

२/२०
या कप्तानाचे नाव जॉन न्यूटन (१७२५–१८०७). गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा आयझॅक न्यूटन वेगळा. जॉनच्या आयुष्यातील ते वादळ १७४८ सालचे. गुलामांच्या व्यापारातील आपल्या सहभागाची जाहीर कबुली त्याने दिली ती १७८८ साली. शिवाय गुलामवाहू जहाजाचा कप्तान तो वादळापूर्वी नव्हे, तर वादळानंतर झाला. या चाळीस वर्षांत नेमके काय घडले, हा या थ्रेडचा विषय.

३/२०
आधी तीन शब्द. कृतज्ञता : चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारसाने होणाऱ्या विधीचे ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’, म्हणजे उपकारस्तुती. पश्चात्ताप : नव्या करारातील ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मनाचे पालटणे. नम्रता : लॅटिन ‘हुमिलितास’, ज्याच्या मुळाशी ‘हुमुस’ म्हणजे माती आहे. प्रवचनांत हे तिन्ही शब्द एकत्र येतात. न्यूटनच्या आयुष्यात ते वेगवेगळ्या सनावळीत आले.

४/२०
न्यूटनचा जन्म लंडनच्या वॉपिंग या बंदरवस्तीत झाला. वडील व्यापारी जहाजावर कप्तान होते. धर्मनिष्ठ आई त्याला सहा वर्षांचा सोडून क्षयाने गेली. अकराव्या वर्षी तो वडिलांसोबत समुद्रावर निघाला. १७४४ मध्ये त्याला सक्तीने शाही नौदलात भरती करण्यात आले. तेथून तो पळाला, पकडला गेला, त्याला फटके बसले आणि त्याची पदावनतीही झाली. ‘देव वगैरे काही नाही’ असे सांगून सोबत्यांची श्रद्धा डळमळीत करण्यात त्याला त्या काळी आनंद वाटत असे.

५/२०
१७४५ मध्ये तो गुलामांच्या व्यापारात शिरला. सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील प्लांटेन बेटांवर एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे त्याने चाकरी धरली. तेथे तो तापाने आजारी पडला आणि त्याचे अतोनात हाल झाले. भुकेपोटी तो रात्री शेतातली कंदमुळे उपटून कच्चीच खाई. त्या दिवसांत साखळदंडांनी जखडलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या शिध्यातून चोरून त्याला अन्न दिले. हे न्यूटनने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६/२०
वडिलांनी आपल्या परिचितांकरवी त्याचा शोध घेतला आणि ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाने त्याला तेथून उचलले. त्या जहाजावर गुलाम नव्हते. होते ते सोने, हस्तिदंत, मेण आणि रंगासाठी लागणारे लाकूड. परतीच्या वाटेवर २१ मार्च १७४८ च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये वादळाने जहाजाची एक बाजू फोडली. वर धावत निघालेल्या न्यूटनला कप्तानाने सुरी आणायला परत पाठवले. त्याच्याऐवजी जो खलाशी वर गेला, त्याला लाटेने ओढून नेले.

७/२०
मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलके, म्हणून जहाज तरंगत राहिले. न्यूटनने तासन्‌तास पंप चालवला आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरले. मध्येच त्याच्या तोंडून सहज ‘आता प्रभूचीच दया’ अशा अर्थाचे उद्गार निघाले आणि तो स्वतःच चपापला. देवाला न मानणाऱ्याने दया कोणाकडे मागायची? सुमारे चार आठवडे ते मोडके जहाज भरकटत राहिले. अखेरीस ते आयर्लंडच्या लॉक स्विली या खाडीत पोहोचले.

८/२०
येथे कृतज्ञता जन्मली आणि ती खरी होती. २१ मार्च हा दिवस न्यूटनने पुढे आयुष्यभर उपवास आणि प्रार्थनेने पाळला. त्याच्या रोजनिशीतील अखेरची नोंदसुद्धा २१ मार्च १८०५ चीच आहे. तरीही वादळाच्या रात्री आपण खऱ्या अर्थाने विश्वासी झालो नव्हतो, ते बऱ्याच काळानंतर घडले, असे त्याने स्वतः नमूद केले. ‘एका क्षणात परिवर्तन’ ही कल्पना त्याच्यावर इतरांनी लादली.

९/२०
वादळानंतर काय? त्याच वर्षी तो ‘ब्राउनलो’ या गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून निघाला. १७५० मध्ये मेरी कॅटलेटशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या गुलामवाहू जहाजाची कप्तानी त्याला मिळाली. त्यानंतर ‘आफ्रिकन’ या जहाजावर त्याने आणखी दोन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची, अटलांटिकपार नेऊन विकायची आणि तिकडचा माल घेऊन लिव्हरपूलला परतायचे, हा त्या सफरींचा क्रम.

१०/२०
या सफरींत तो दर रविवारी खलाशांसोबत उपासना चालवी, लॅटिन शिके आणि पत्नीला प्रेमळ पत्रे लिही. त्याच जहाजाच्या दप्तरात डिसेंबर १७५२ ची एक नोंद आहे. गुलामांनी बंडाचा कट केल्याचा संशय आला, तेव्हा काही मुलांना बेड्या ठोकून, अंगठे पिळणारा लोखंडी पेच लावून त्यांच्याकडून कबुली घेण्यात आली. रविवारची प्रार्थना आणि हा पेच, दोन्हींमागे कप्तान एकच.

११/२०
१७५४ मध्ये तिसऱ्या सफरीहून तो परतला, तेव्हा एकही माणूस दगावला नव्हता. खलाशी नाही आणि गुलामही नाही. त्या काळी ही दुर्मीळ गोष्ट होती. त्याबद्दल लिव्हरपूलच्या चर्चमध्ये देवाचे आभार मानण्यात आले. ज्यांच्या जिवंत पोहोचण्याबद्दल ही उपकारस्तुती झाली, ते सारे एव्हाना विकले गेले होते. कृतज्ञता प्रामाणिक असूनही आंधळी असू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते.

१२/२०
याला केवळ ढोंग म्हणणे सोपे आहे. पण तेव्हा हा व्यापार कायदेशीर होता आणि प्रतिष्ठितही. धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या एका अँग्लिकन संस्थेच्या मालकीचे ऊसमळे बार्बाडोस बेटावर होते आणि त्यांत गुलाम राबत होते. न्यूटनला आपण तुरुंगाधिकारी झाल्यासारखे वाटे आणि अधिक माणुसकीचा व्यवसाय मिळावा अशी प्रार्थनाही तो करी. मात्र हे काम त्याला अप्रिय वाटले, पाप वाटले नाही. आपण वाचलो याचे त्याला भान होते. आपल्या हातून कोण बुडाले, हा प्रश्न त्याने अजून स्वतःला विचारलाच नव्हता.

१३/२०
समुद्र सुटला तो विवेकाच्या टोचणीमुळे नव्हे. १७५४ च्या अखेरीस, पुढच्या सफरीच्या दोनच दिवस आधी, त्याला अचानक झटका आला आणि वैद्यांनी प्रवासाला मनाई केली. १७५५ पासून त्याने लिव्हरपूलच्या जकात खात्यात जहाजांच्या तपासणीचे काम केले. फावल्या वेळात तो ग्रीक आणि हिब्रू शिकला. विद्यापीठाची पदवी नसल्याने पाळकाची दीक्षा मिळायला अनेक वर्षे गेली. ती १७६४ मध्ये मिळाली आणि ऑल्नी या लेस विणणाऱ्या गरीब कारागिरांच्या गावी त्याची नेमणूक झाली.

१४/२०
ऑल्नीतील १ जानेवारी १७७३ चा दिवस. नववर्षाच्या उपदेशासाठी न्यूटनने बायबलमधील ‘पहिले इतिहास’ या पुस्तकाचा १७ वा अध्याय निवडला. त्यात राजा दावीद देवापुढे बसून विचारतो की, मी असा कोण की तू मला येथवर आणलेस? ‘अमेझिंग ग्रेस’ याच उपदेशासाठी रचले गेले, असे मानले जाते. १७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’ या संग्रहात ते छापले गेले. आज परिचित असलेली चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत लाभली. न्यूटनने ती कधी ऐकलीच नाही.

१५/२०
गीतात कृतज्ञता आहे, आणि आपण पतित होतो ही कबुलीही आहे. गुलामांच्या व्यापाराचा मात्र उल्लेखही नाही. १७६४ च्या त्याच्या आत्मकथनातही तो व्यापार गुन्हा म्हणून येत नाही. आपली निंदकवृत्ती आणि स्वैराचार हीच तेव्हा त्याच्या दृष्टीने पापे होती. ‘मी पापी आहे’ हे सामान्य विधान करणे तुलनेने सोपे असते. अमुक दिवशी, अमुक माणसावर मी अमुक केले, असे नेमके सांगणे फार कठीण. न्यूटनला त्यासाठी आणखी पंधरा वर्षे लागली.

१६/२०
दरम्यान इंग्लंड बदलत होते. १७७४ मध्ये जॉन वेस्लीने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. विम्याच्या पैशांसाठी १३० हून अधिक आफ्रिकनांना समुद्रात फेकणाऱ्या ‘झाँग’ जहाजाचा खटला १७८३ मध्ये गाजला. त्याच वर्षी क्वेकर पंथीयांनी संसदेकडे अर्ज केला. १७८७ मध्ये व्यापारबंदीसाठी समिती स्थापन झाली, आणि एकेकाळी गुलाम असलेल्या ओटोबा कुगोआनोचे पुस्तकही त्याच वर्षी आले. न्यूटनचा विवेक एकांतात जागा झाला नाही. ज्यांनी सोसले आणि जे त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्या आवाजाने तो जागा होत गेला.

१७/२०
१७८० पासून न्यूटन लंडनमध्ये पाळक होता. डिसेंबर १७८५ मध्ये २६ वर्षांचा खासदार विल्यम विल्बरफोर्स त्याला गुपचूप भेटायला आला. नव्या श्रद्धेपायी राजकारण सोडावे की काय, या पेचात तो होता. संसदेत राहूनच देवाची सेवा कर, असा सल्ला न्यूटनने दिला. पुढे याच विल्बरफोर्सने व्यापारबंदीचा लढा संसदेत चालवला. आता प्रश्न वृद्ध सल्लागाराचा होता. स्वतःच्या भूतकाळाचे तो काय करणार?

१८/२०
१७८८ मध्ये न्यूटनने आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. आरंभीच त्याने मान्य केले की, ही कबुली कितीही प्रामाणिक असली तरी ज्या दुःखात आपला हात होता, ते टाळायला किंवा भरून काढायला तिला फार उशीर झाला आहे. मग त्याने तपशील दिले. दोन डेकांमधल्या जागेत फळ्या ठोकून, कपाटातल्या पुस्तकांसारखी दाटीने निजवलेली माणसे. सकाळी एकाच साखळीत सापडणारे एक जिवंत आणि एक मृत शरीर. फटके, पेच, स्त्रियांवरील अत्याचार. ही पुस्तिका खासदारांना वाटण्यात आली. संसदीय समितीपुढेही त्याने साक्ष दिली.

१९/२०
नम्रतेचा अर्थ येथे उलगडतो. साठी ओलांडलेला हा पाळक लंडनमध्ये आदरणीय होता आणि त्याच्या गप्प राहण्याला कोणी नावे ठेवली नसती. तरी त्याने स्वतःची प्रतिष्ठा खर्ची घालून साक्ष दिली. लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात जक्कय हा जकातदार अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. न्यूटनला परत करण्याजोगे काही उरले नव्हते. विकलेली माणसे परत आणता येत नाहीत. त्याच्याजवळ होती ती प्रत्यक्षदर्शी माहिती, आणि व्यापाराचे समर्थक जे झाकू पाहत होते, नेमके तेच तिने उघडे केले.

२०/२०
मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन वारला. आपला स्मृतिलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात तो स्वतःला पूर्वीचा नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचाही चाकर म्हणवतो. गुलामवाहू जहाजाचा कप्तान हे शब्द मात्र तेथे नाहीत. पुस्तिकेत जे सांगितले, ते शिळेवर आले नाही. प्लांटेन बेटांवर ज्यांनी आपल्या घासातला घास त्याला दिला, त्यांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. ‘अमेझिंग ग्रेस’ पुन्हा कानी पडेल तेव्हा १७४८, १७७३, १७८८ आणि १८०७ ही चार साले आठवावीत, आणि ती अनाम माणसेही. (समाप्त)