विळीची धार, शिकलगार आणि कोनासमुद्रम

मंडळी, आपल्या मंडळात किल्ले, नाणी, शिलालेख यांवर बरेच निबंध वाचले गेले. आज मी एका विळीबद्दल लिहिणार आहे. कारणही सांगून टाकतो : ती विळी मी स्वतःच्या हाताने बिघडवली होती.

ही विळी माझ्या आजीची. लग्न होऊन ती नांदेडहून हैदराबादला आली तेव्हा भांड्यांबरोबर विळीही आली. तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. 1956 साली मराठवाडा वेगळा झाला आणि आम्ही इकडे राहिलो. आजीनंतर विळी आईकडे आली. आई आता 82 वर्षांची आहे. घरात चार सुऱ्या असूनही मेथी निवडली की ती विळीच मांडते.

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "अरे, धार गेली रे हिची." मी तीस वर्षं कारखान्यात काढलेला मेकॅनिकल इंजिनियर. पातं पाटातून काढलं आणि मिनिटाला 2,800 फेरे घेणाऱ्या ग्राइंडरवर धरलं. अर्ध्या मिनिटात धारेवर निळी झाक आली. पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापलं की असा निळा रंग येतो, आणि तिथली कठीणता उतरते. हे मी शिकाऊ पोरांना शिकवलेलं होतं! धार लागली, पण आठवडाभरात पुन्हा बोथट. आई एवढंच म्हणाली, "पाणी उतरलं तिचं."

हा शब्दप्रयोग मला त्या दिवशी नीट कळला. लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवून कठीण करतो, म्हणजे 'पाणी देतो'. धार लावण्याला आपल्याकडे 'पाजवणं' म्हणतात. वर्कशॉपात मी ज्याला हार्डनिंग म्हणत होतो, त्याचा शब्द माझ्या स्वयंपाकघरातच होता.

शेवटी विळी घेऊन जुन्या शहरात एका म्हाताऱ्या शिकलगारांकडे गेलो. 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणं. त्याला फारसी 'गर' प्रत्यय लागून 'शिकलगार' झालं. तलवारींचा काळ सरला तसं हे काम सुऱ्या, कात्र्या आणि विळ्यांवर आलं. मुसलमान शिकलगार आहेत, तसे शीख शिकलगारही. नांदेडकडे त्यांची वस्ती आहे.

चाचांनी पातं उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "गरम नक्को करना था साब." मग निळा पडलेला भाग हळूहळू घासून काढला. दर दोन-तीन घासांनी पातं पाण्यात. जवळजवळ तीन मिलिमीटर पोलाद गेलं. पैसे घेताना म्हणाले, "अब घर में पत्थर पे लगा लेव."

पूर्वीच्या शिकलगारांची साण लाख आणि कुरुंदाची पूड एकत्र करून केलेली असे. एकजण चामड्याची वादी मागेपुढे ओढून चाक फिरवी, दुसरा पातं धरी. कुरुंद हिऱ्याखालोखालचं कठीण खनिज. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द तमिळमधून गेला. संस्कृतातला 'कुरुविंद' त्याचाच नातलग. 1798 साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत या दगडावर निबंध वाचला. पुढे 1891 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत नवा अपघर्षक तयार केला आणि त्याला 'कार्बोरंडम' नाव दिलं. बाजारात मिळणाऱ्या धारेच्या दगडावरचं हे नाव अर्धं आपल्याकडचं आहे.

पोलादाची गोष्ट तर आणखी जवळची. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीतलं पोलाद, म्हणजे वुट्झ, तयार होत असे. त्यात कार्बन साधारण दीड टक्का. लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले भूशास्त्रज्ञ व्हॉयसी यांनी तिथलं काम पाहून लिहून ठेवलं. ते टिपण 1832 साली एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात छापलं गेलं. इराणचे व्यापारी हे पोलाद घ्यायला तिथवर येत. लंडनचे सुऱ्या बनवणारे स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी 1820 च्या आसपास वुट्झवर प्रयोग केले. फॅरडेंचं नाव आपल्याला पाठ आहे. कोनासमुद्रमच्या भट्टीवाल्यांपैकी एकाचंही नाही.

आजीची विळी वुट्झची असेल असा मोह मलाही झाला. पण तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. ग्राइंडरवर ठिणग्या फुटून फांद्यांसारख्या पसरल्या होत्या, म्हणजे कार्बन बऱ्यापैकी आहे, एवढंच. गावच्या लोहाराने हाती लागलेल्या चांगल्या पोलादातून ती घडवली असावी.

आता धार मी घरीच लावतो. विळीचं पातं पाटात घट्ट असतं, म्हणून पातं दगडावर न फिरवता दगड पात्यावरून न्यायचा. पाटावर पाय ठेवायचा. दगड ओला. कोन वीस अंशांच्या आत, आणि तो शेवटपर्यंत बदलू द्यायचा नाही. मुळापासून टोकाकडे एकसारखे घास; खवणीच्या दात्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक बर जाणवली की बाजू बदलायची. शेवटी बारीक दगडाचे हलके घास. नसेल तर कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते. आई तेच करायची. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झालं.

पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा आईने मेथीची एक जुडी चिरली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या काकूंची विळी माझ्यासमोर आणून ठेवली.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरी जुनी विळी, अडकित्ता, सुरी असेल तर ती कुठून आली, कोणी घडवली, धार कोण लावायचं, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. धार पुन्हा लावता येते. सांगणारं माणूस गेलं की ते परत विचारता येत नाही. मी आजीला विचारलं नव्हतं.