बॅटरीने घालून दिलेले माप

गच्चीवरच्या जुन्या ३३० वॉटच्या सौर पॅनेलच्या रांगेत ५४० वॉटची दोन नवी पॅनेल जोडता येतील का, असे विचारले की बसवणारा मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. जणू तो निसर्गनियमच. इतिहास मात्र वेगळे सांगतो. बेल लॅबने १९५४ मध्ये दाखवलेल्या सिलिकॉन सेलची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. सुरुवातीला तो परवडला उपग्रहांनाच. जमिनीवर तो रुजला लेड-ॲसिड बॅटरीच्या आश्रयाने. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. १२ व्होल्टची बॅटरी भरायला चौदा-साडेचौदा व्होल्ट लागतात, शिवाय उन्हात तापल्यावर सेलचे व्होल्टेज उतरते. म्हणून ३६ सेलचे पॅनेल रूढ झाले. व्होल्टेज ठरते सिलिकॉनच्या गुणाने, करंट सेलच्या क्षेत्रफळाने. त्यामुळे पॅनेल ४० वॉटचे असो की ७५ वॉटचे, कोणत्याही कंपनीचे असो, व्होल्टेज जवळपास तेच. पॅरललमध्ये जोडले की करंटची बेरीज होई. भिन्न पॅनेल एकत्र नांदली ती बॅटरीच्या धाकाने.

वीज ग्रिडला द्यायची ठरली आणि तो धाक सुटला. इन्व्हर्टरला काहीशे व्होल्ट हवे, म्हणून पॅनेल सिरीजमध्ये ओवली गेली, आणि सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट एकच वाहतो. सेल जिच्यापासून बनतो ती सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, १५६ मिलिमीटरच्या आसपास होता तोवर हे फारसे जाचले नाही. तो १८२ वर गेला, तसा करंट साधारण नऊ अँपिअरवरून तेरावर पोचला. आता मिसळलेल्या रांगेत एक तर नव्यांनी नऊवर उतरायचे, नाही तर जुन्या पॅनेलमागच्या डबीतला बायपास डायोड करंटला आडवाट काढून देतो आणि त्या पॅनेलची वीज बुडते. मग हा निसर्गनियमच झाला की, असे कोणी म्हणेल. सिरीजचा नियम निसर्गाचा खरा. सिरीज निवडली माणसाने, आणि तीही शहाणपणानेच. व्होल्टेज जास्त, करंट कमी, म्हणून तांब्याची तार बारीक चालते. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावून प्रत्येक पॅनेल सुटे करता येते, पण खर्च वाढतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स पत्र्यासारख्या तापणाऱ्या पॅनेलखाली जाऊन बसते. दोन एमपीपीटी, म्हणजे रांगेतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारी दोन स्वतंत्र नियंत्रणे, असलेल्या इन्व्हर्टरवर जुन्या-नव्यांच्या वेगळ्या रांगा हा त्यातल्या त्यात स्वस्त तोडगा. मात्र दोनच पॅनेलची रांग पुष्कळदा इन्व्हर्टर जागा होण्याइतकेही व्होल्टेज गाठत नाही.