मळलेल्या फडक्याचा इतिहास

मराठीत फडक्यांची एक उतरंड आहे. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी होते. गोधडीत जे लागत नाही त्याचं हातपुसणं, हातपुसण्याचं मसोतं, मसोत्याचं पायपुसणं आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. घरोघरी क्रम थोडा बदलेल, पण दिशा बदलत नाही. फडकं खाली उतरतं, वर चढत नाही. पोतेऱ्याचं मसोतं झालेलं कोणी पाहिलेलं नाही.

मी चार वर्षांपासून पिंपरीतल्या एका कार डिटेलिंग स्टुडिओत काम करतो. तिथे हीच उतरंड रंगांत भेटते. निळा टॉवेल गाडीच्या बॉडीला, पिवळा काचेला, करडा चाकांना, काळा इंजिनाला. निळा टॉवेल एकदा जमिनीवर पडला की त्याची बदली करड्यांत होते, मग तो कितीही नवा असो. कामाला आलेल्या नव्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी पॉलिशिंग मशीन देत नाहीत, मळलेल्या टॉवेलांची बादली देतात. मीही तिथूनच सुरुवात केली आणि अजूनही धुलाई माझ्याकडेच आहे, आता मात्र मी मागून घेतलेली.

गाडी चकाकवण्याची रील्स तुम्ही पाहिली असतील. फेस, पाणी, मग एक जाड मऊ टॉवेल बॉनेटवरून सरकतो आणि मागे आरसा राहतो. टॉवेल कॅमेऱ्याबाहेर जातो, रील संपतं. बॉनेटवरची घाण नाहीशी झालेली नसते, ती टॉवेलात गेलेली असते. मोटारींचा इतिहास लिहिणारेही बहुतेक चकाकीपाशीच थांबतात. मला त्या टॉवेलाच्या मागे जायचं आहे.

गाडीचा रंग फडक्यावर

पहिल्या मोटारी रंगवल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांनी आणि त्यांच्याच पद्धतीने. ब्रशने वॉर्निशचे थरावर थर, प्रत्येक थर वाळायची वाट बघायची, मग घासायचं, मग पुढचा थर. एका गाडीला काही आठवडे लागत. १९२३ च्या सुमाराला ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ रंग आणला आणि आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. हे नाव तुम्ही फर्निचरवाल्याकडून ऐकलं असेल. कपाटाला ‘डुको’ मारून देतो म्हणतात, तो शब्द इथून आला.

त्या रंगाला उन्हाची बाधा व्हायची. वरचा थर फिका पडला की पॉलिश लावून तो घासून काढायचा, म्हणजे खालचा ताजा रंग वर यायचा. त्यामुळे फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. जुनी फियाट हाताने पॉलिश केलेल्या कोणालाही विचारा, फडक्याकडे बघून गाडीचा रंग सांगता यायचा.

फडकी तेव्हा दोन प्रकारची असत. पाणी टिपायला शॅमॉय, म्हणजे मुळात आल्प्समधल्या एका रानबकरीसारख्या प्राण्याचं आणि पुढे मेंढीचं कातडं, माशाच्या तेलात कमावलेलं. ते कडक साबणाने धुतलं तर आतलं तेल निघून जातं आणि कातडं ताठ होतं. बाकी सगळ्या कामाला सुती फडकं नाहीतर कॉटन वेस्ट. कापूस पिंजताना आणि सूत काढताना जे वाया जातं, ते गिरण्या विकत. मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हा या मालाला तोटा नव्हता. इंजिनाचं तेल, ग्रीस, कारागिराचे हात, सगळं त्यानेच पुसायचं आणि टाकून द्यायचं. धुवायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो टाकेपर्यंत ठेवायचं कुठे, हा.

ठेवलेलं फडकं

२३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ नावाची ३८ मजली इमारत. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगला नवी झळाळी देण्याचं काम चालू होतं. कामगार घरी गेले, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी तिथेच राहिली. रात्री ती आपोआप पेटली. आग मजल्यामागून मजला चढत तिसाव्या मजल्यापर्यंत गेली आणि तिथल्या स्प्रिंकलरनी ती अडवली. तीन अग्निशामक जवान मेले. इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही, शेवटी ती उतरवावी लागली.

ठिणगी नाही, काडी नाही, मग आग कशी? जवसाचं तेल ‘वाळतं’ म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर टाकतं. फडकं दोरीवर पसरलेलं असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते. बोळा करून ढिगात टाकलं असेल तर ती आतच साठते, तापलेलं तेल आणखी भराभर ऑक्सिजन घेतं आणि ढिगाच्या पोटात आग लागते. रंगारी आणि सुतारकामातल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं. तेलाचं फडकं पसरून वाळवायचं, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायचं. आमच्या स्टुडिओतही लाकूड आणि लेदरच्या तेलांचे टॉवेल बाकीच्यांत मिसळत नाहीत. त्यांचा डबा दाराबाहेर असतो.

संत्र्याच्या फोडी

आज गाडी पुसायला जे फडकं वापरतात, त्याची सुरुवात गाडीपासून झालीच नाही. १९७० मध्ये जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी अतिशय बारीक तंतूंपासून एक कापड बनवलं, हाताला हुबेहूब मऊ चामड्यासारखं लागणारं. ते ‘अल्ट्रास्वीड’ नावाने फॅशनच्या जगात गेलं. युक्ती अशी की एका तंतूच्या पोटात दुसऱ्या प्लॅस्टिकचे अनेक बारीक तंतू ठेवायचे, समुद्रात बेटं असावीत तसे, आणि कापड झाल्यावर समुद्र विरघळवून टाकायचा. मागे फक्त बेटं राहतात. किती बारीक? रेशमाहून बारीक. नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचं वजन एक ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला मायक्रोफायबर म्हणतात.

पुसायच्या फडक्याला पुढची युक्ती लागली. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन, एकाच तंतूत आळीपाळीने बसवायचे आणि नंतर तंतू फोडायचा. संत्र सोललं की फोडी सुट्या होतात तसा तो उकलतो. गोल तंतूला धार नसते, फोडीला कोपरे असतात. ते कोपरे धूळ खरवडून उचलतात आणि फोडींमधल्या फटी तिला धरून ठेवतात. जपानमध्ये यापासून आधी चष्मा आणि लेन्स पुसायची फडकी निघाली. १९९० च्या दशकात युरोपात, विशेषतः स्वीडनमध्ये, त्याने घरं आणि इमारती पुसायला सुरुवात झाली.

हॉस्पिटलांनी त्यातली एक गोष्ट नेमकी हेरली. जुन्या पद्धतीत एकच पोछा आणि एकच बादली खोलीमागून खोली फिरायची, दोन-तीन खोल्या झाल्या की पाणी बदलायचं. मायक्रोफायबर आल्यावर कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस मेडिकल सेंटरने दर खोलीला नवं पॅड वापरायला सुरुवात केली. वापरलेलं पॅड परत बादलीत जात नाही, सरळ धुलाईला जातं. पाणी वाचलं, जंतूंचा प्रवास कमी झाला, आणि सगळा भार धुलाईघरावर आला. फडकं जितकं चांगलं धरतं, तितकं ते धुणाऱ्याचं काम वाढवतं.

पन्नास मायक्रॉन

मोटारींच्या जगात हे फडकं आलं तेव्हा रंगही बदललेला होता. १९८० च्या दशकात रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट देण्याची पद्धत सगळीकडे पसरली. आता फडक्यावर गाडीचा रंग उतरत नाही, कारण आपण रंगाला हात लावतच नाही. हात लागतो तो फक्त त्या पारदर्शक थराला, आणि त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षा कमी. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते त्या थरापेक्षा कितीतरी कठीण. असा एक कण टॉवेलात अडकून राहिला की तो टॉवेल सँडपेपरसारखा वागतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, त्यातले बरेचसे मळलेल्या नाहीतर नीट न धुतलेल्या फडक्याचे असतात.

म्हणून धुलाईचे नियम आले, आणि प्रत्येक नियमाचं मूळ त्या संत्र्याच्या फोडीत आहे. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण ते सुताचा सगळा भुरका पकडून ठेवतं. फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही. सॉफ्टनर तंतूवर मऊ थर चढवतो, फटी बुजतात आणि टॉवेल पाणी टिपण्याऐवजी पसरवत सुटतो. उकळतं पाणी नाही, तापलेला ड्रायर नाही. पॉलिएस्टर वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं, पण सत्तर-ऐंशीच्या आसपासच ते नरम पडू लागतं आणि कोपरे मोडतात. कोमट पाणी, थोडं पातळ डिटर्जंट, जादा खळबळणं, सावलीत वाळवणं. मेणाचे आणि सिरॅमिक कोटिंगचे टॉवेल वेगळे. कोटिंगचा टॉवेल तर लगेच भिजवावा लागतो, आत वाळलं की ते काचेसारखं कडक होतं आणि तो टॉवेल बॉडीवर परत जात नाही. ओले टॉवेल बंद बादलीत रात्रभर ठेवायचे नाहीत, पावसाळ्यात तर सकाळपर्यंत कुबट वास धरतात. धुतलेले मात्र झाकणाच्या डब्यात, रंगाप्रमाणे. उघड्या फळीवर ठेवलेला स्वच्छ टॉवेल आठवड्याभरात मळलेलाच असतो, फक्त दिसत नाही.

हे सगळं ज्याला येतं त्याच्या हातात गाडीचे पन्नास मायक्रॉन असतात. तरी आमच्या धंद्यात पॉलिशवाल्याचं नाव होतं, धुणारा ‘तो मुलगा’ असतो. गिऱ्हाईक हात मिळवतं ते पॉलिशवाल्याशी. घाण हाताळणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवायची सवय आपल्याला फडक्यांच्या पुष्कळ आधीपासून आहे, त्याला मायक्रोफायबरने धक्का लावलेला नाही.

उतरंडीच्या खाली

२००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात समुद्रातल्या बारीक प्लॅस्टिकवर एक छोटा निबंध लिहिला आणि ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. २०११ मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या किनाऱ्यांवरची वाळू तपासली, आणि जोडीला वॉशिंग मशीनचं पाणीही. एका सिंथेटिक कपड्यातून एका धुण्यात १९०० हून जास्त तंतू निघू शकतात असं त्यांना आढळलं. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून २०२५ पासूनच्या नव्या वॉशिंग मशीनना हे तंतू अडवणारी सोय असावी असं ठरवलं.

ते आकडे कपड्यांचे आहेत. आमचे टॉवेल कपड्यांपेक्षा जाड, लांब लवेचे आणि रोज धुतले जाणारे. त्यांचे तंतू मुद्दाम फोडून बारीक केलेले. माझ्या मशीनचं पाणी गटारात जातं, आणि आमच्या भागातली गटारं उतरतात पवनेच्या दिशेने. गाडीवरून टॉवेलात आणि टॉवेलातून पाण्यात गेलेली धूळ निदान मातीच होती. तिच्याबरोबर आता टॉवेलही थोडाथोडा जातो.

मी मशीनच्या पाइपला बारीक जाळीची पिशवी बांधतो. थोडे टॉवेल टाकून मशीन लावत नाही, भरलं की लावतो. दर शनिवारी पिशवीतून करड्या लगद्याचा एक गोळा निघतो. तो गटारात न टाकता वाळवून कचऱ्यात टाकतो. पिशवी सगळं अडवत नाही, आणि कचऱ्यात गेलेला गोळाही संपत नाही, एवढंच की तो नदीत जात नाही.

मालकांनी एकदा विचारलं, याला म्हणतात काय? मला शब्द सापडला नाही. लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीला आपण नाव दिलं, कारण पोतेरं विरलं की शेवटी मातीत जायचं आणि तिथे उतरंड संपायची. हा गोळा मातीत मिसळत नाही. पोतेऱ्याच्या खाली आणखी एक पायरी तयार झाली आहे आणि तिला अजून नाव नाही.