लोहाच्या कणात लिथियम शिरते कसे? एका वादाचा इतिहास

१/७
वणी परिसरातील खाणींतून निघालेला कोळसा ढीग रचून ठेवता येतो; त्यापासून निर्माण झालेली वीज तशी ठेवता येत नाही. तिला बॅटरी लागते. या बॅटरीच्या एका पदार्थात नेमके काय घडते, यावर जवळपास दोन दशके वाद चालला.

२/७
१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा कॅथोडचा पदार्थ पुढे आणला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. अडचण एकच : कोबाल्ट महाग.

३/७
१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून अक्षय पाढी, गुडइनफ व सहकाऱ्यांनी पर्याय मांडला : लिथियम लोह फॉस्फेट. लोह स्वस्त आणि विपुल. मात्र हा पदार्थ विजेचा मंद वाहक होता. कण अतिसूक्ष्म करून व त्यांवर कार्बनचा थर देऊन त्यावर मात करण्यात आली.

४/७
प्रश्न उरला : लिथियम कणात शिरते कसे? १९९७ च्या निबंधातील कल्पना अशी की, बदल पृष्ठभागापासून गाभ्याकडे सरकतो. २००६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्फटिकांत भरलेले व रिकामे पट्टे दाखवले. २००८ मध्ये फ्रान्समधील क्लोद देल्मास यांच्या गटाला निम्म्या भरलेल्या बॅटरीतले कण पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामेच आढळले.

५/७
तिन्ही निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. कारण पाहणी होत होती ती बहुधा बॅटरी थांबवल्यानंतर, आणि थांबताच कणातील लिथियम पुन्हा जागा बदलू शकते. नदीचा प्रवाह डबक्यावरून ओळखावा, तसाच हा प्रकार.

६/७
२०१६ मध्ये स्टॅनफर्डचे विल्यम च्यूह व सहकाऱ्यांनी बर्कले येथील क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाखाली, द्रवात बुडालेले कण चालू स्थितीत पाहिले. लिथियम येताच लोहाची विद्युत्-अवस्था बदलते. तोच बदल क्ष-किरणांनी टिपला. लिथियम वेगाने आत जाताना कण बराचसा एकसारखा भरतो; बाहेर पडताना मात्र विषमता वाढते.

७/७
म्हणजे भरण्याची आणि रिकामे होण्याची वाट एकच नाही. विषम बदलाने कणांवर ताण येतो. म्हणून बॅटरीचे आयुष्य आणि चार्जिंगचा वेग यांचा विचार या निष्कर्षाला टाळून करता येत नाही. २०१९ मध्ये गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना नोबेल मिळाले. पदार्थ घडवणाऱ्यांचा तो यथोचित गौरव होता. त्याचे वर्तन उलगडणाऱ्यांचे काम त्यानंतरही चालूच राहिले.