जुने संगीत आणि जुने वाद्य

बोईसर स्थानकावर उतरून तारापुरास जाणाऱ्यास आज १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते. इतिहासाच्या वाचकास मात्र तेथील किल्ला आठवतो. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून घेतला आणि बाजी भिवराव तेथे कामास आले. तट दगडाचा, म्हणून त्याच्या अवशेषांवरून लढाईचा तर्क करता येतो. परंतु त्या काळच्या संगीताचे काय? ध्वनीचे अवशेष राहत नाहीत. राहतात ते कागद आणि वाद्ये. यांपैकी एकट्या कागदावर विसंबल्यास काय होते, हे तत्कालीन गिटारीच्या उदाहरणावरून पाहू.

तारापुरावर पोर्तुगीज निशाण असतानाच, १६७४ साली, पोर्तुगालच्या शेजारी स्पेनमध्ये गास्पार सान्स याचा गिटारशिक्षणाचा ग्रंथ सारागोसा येथे प्रसिद्ध झाला. त्या गिटारीस आजच्यासारख्या सहा सुट्या तारा नसून तातीच्या तारांच्या पाच जोड्या असत. पडदेही तातीचेच, मानेभोवती बांधलेले. सतारीच्या पडद्यांप्रमाणे ते सरकवता येत. ग्रंथातील स्वरलिपी रेघांवर आकडे मांडून कोणत्या जोडीवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवावे एवढेच सांगते. स्वर कोणता निघावा, हे वाद्याच्या जुळणीवर अवलंबून.

खरी मेख येथेच आहे. नाजूक वादनासाठी चौथ्या व पाचव्या जोडीसही बारीक तारा लावाव्यात, असे सान्सचे मत. तशा जुळणीत पाचवी जोडी आजच्या पाचव्या तारेहून एक सप्तक वर बोलते, आणि सर्वांत खालचा मोकळा स्वर कडेला नसून मधल्या, तिसऱ्या जोडीवर येतो. मग चढते-उतरते स्वर निरनिराळ्या जोड्यांवर वाटून घेता येतात व एकाची आस दुसऱ्यात मिसळते. या रीतीस ‘कांपानेला’, म्हणजे लहान घंटा, असे नाव आहे. तेच आकडे आधुनिक गिटारीवर जसेच्या तसे वाजविल्यास स्वर मध्येच सप्तकभर खाली कोसळतात, चाल तुटते, आणि दोष वाद्याचा असून रचनाकार अडाणी ठरतो.

म्हणून आधुनिक गिटार निषिद्ध मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिचा आवाज मोठ्या सभागृहास पुरतो. शिवाय जाणता वादक स्वर योग्य त्या तारेवर हलवून चाल सावरू शकतो. होआकीन रोद्रीगो याने तर १९५४ साली सान्सच्याच चालींवरून गिटार व वाद्यवृंदासाठी नवी रचना केली. मात्र काय बदलले हे कळण्यासाठी मूळ वाद्याची ओळख हवीच.

याच न्यायाने पालघर जिल्ह्यातील वारल्यांच्या तारप्याकडे पाहावे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांनी सिद्ध होणाऱ्या या वाद्याच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या ऐकून शिकल्या गेल्या. येथे सान्सचा ग्रंथ नाही. वाद्य, ते घडविणारा हात आणि वाजविणाऱ्याचा श्वास हेच साधन. उद्या या चाली पेटीवर बसवून लिहून काढल्या तरी पेटीचे स्वर ठरीव. तारप्याचे बोल त्यांत सर्वस्वी मावणार नाहीत. तेव्हा चाली टिपून घेण्याबरोबरच तारपा घडविण्याची विद्या जिवंत राखणे, हे या प्रांताच्या इतिहासाचेच कार्य होय.