सीडीवरचं कुलूप आणि घरातली जादा प्रत

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची एक जादा प्रत स्वतःसाठी काढून ठेवायला भारतीय कायद्याची ना नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये ही मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. तरीही २००० सालाच्या आगेमागे घेतलेली एखाद्या खेळाची किंवा महागड्या सॉफ्टवेअरची सीडी कॉपी करायला घेतली, की बऱ्याचदा काम मध्येच अडकतं. ड्राइव्ह घरघरत राहतो, टक्केवारी हलत नाही. कशीबशी प्रत निघालीच, तर प्रोग्रॅम सुरू होताना 'मूळ सीडी घाला' म्हणून अडून बसतो. लोकांना वाटतं सीडी खराब झाली. ती खराब नसते, मुद्दाम तशी बनवलेली असते.

या सीड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. कपाटात पडल्या पडल्या काही वाचेनाशा झाल्या आहेत, नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच येत नाही. त्यामुळे हे कुलूप नेमकं कसं बसवलं होतं आणि पैसे मोजून सीडी घेणाऱ्याचं त्यात काय होतं, हे समजून घेण्याची गरज आज जास्त आहे.

फ्लॉपीपासूनची खोड

कॉपी अडवण्याची खटपट सीडीच्या आधीची आहे. फ्लॉपीच्या काळात व्हॉल्ट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचं 'प्रोलॉक' नावाचं तंत्र होतं. फ्लॉपीच्या पृष्ठभागावर एक बारीक भौतिक खूण केलेली असे. फाइल्स दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवता येत, पण खूण उतरत नसे, आणि खूण सापडल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नसे. त्यावर क्वेड सॉफ्टवेअर या कंपनीने तोड काढली आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाला राखीव प्रत काढण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा त्या कामाला येणारं साधन बेकायदा म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय. मूळ कल्पना मात्र टिकली: माहितीची नक्कल होते, वस्तूची होत नाही. पुढची सगळी कुलपं याच एका कल्पनेवर उभी आहेत.

सेक्टरमधली फट

सीडीवरची माहिती सेक्टर नावाच्या तुकड्यांत असते. एका सेक्टरमध्ये एकूण २३५२ बाइट मावतात. त्यातले आपल्या फाइलचे २०४८. उरलेले ३०४ बाइट म्हणजे सेक्टरची सुरुवात ओळखण्याची खूण, त्याचा पत्ता आणि चूक सापडली तर ती दुरुस्त करण्यासाठीची बेरीज-वजाबाकी. सीडीवर थोडे ओरखडे पडले तरी ती चालते, ती या हिशेबामुळे.

कॉपी करणारा साधा प्रोग्रॅम २०४८ बाइट तेवढे वाचतो. बाकीचा हिशेब नवीन सीडी लिहिताना स्वतः नव्याने मांडतो. कुलूपवाल्यांनी नेमकी ही फट पकडली. कारखान्यात सीडी बनवतानाच काही सेक्टरचा हिशेब मुद्दाम चुकवून ठेवायचा. ड्राइव्हला तो सेक्टर बिघडलेला दिसतो, तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो, आणि ती घरघर सुरू होते. एखाद्या हुशार प्रोग्रॅमने तो टप्पा ओलांडून कॉपी केलीच, तर नव्या सीडीवर तिथे नीट हिशेबाचा, धडधाकट सेक्टर लिहिला जातो. मग प्रोग्रॅम सुरू होताना तपासणी होते: जिथे बिघाड असायला हवा तिथे बिघाड नाही, अर्थात ही प्रत. दोष सापडला तर माल अस्सल, सापडला नाही तर नकली, असा उलटा न्याय!

या प्रकारातलं सर्वांत पसरलेलं कुलूप म्हणजे 'सेफडिस्क'. ते सी-डिला या ब्रिटिश कंपनीचं. व्हिडिओ कॅसेटवरच्या कॉपीबंदीसाठी नावाजलेल्या मॅक्रोव्हिजनने ही कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली. 'द सिम्स', 'बॅटलफील्ड १९४२' असे त्या काळातले गाजलेले खेळ सेफडिस्कसह आले. यात नुसते सदोष सेक्टर नव्हते. खेळाची मुख्य फाइल सांकेतिक स्वरूपात गुंडाळून ठेवलेली असे आणि ती उलगडण्याची किल्ली सीडीवरच्या सहीतून मिळे. ही सही वाचण्याच्या कामात मदतीला विंडोजच्या अगदी आतल्या थरात एक ड्रायव्हर बसवला जाई. नाव 'सेकडीआरव्ही'. पुढे यानेच सगळा घोळ केला.

सीडी बर्नर स्वस्त झाले, सेक्टर आहे तसा उतरवणारे प्रोग्रॅम आले, तशी सेफडिस्कची दुसरी आवृत्ती आली. तिची युक्ती दाद देण्यासारखी आहे. सीडीवर बारीक खड्डे आणि सपाट जागा असतात. ड्राइव्हला वाट धरून चालायची तर या दोन्हींचा समतोल लागतो. खड्डा-सपाटीचा एकसुरी नमुना आला की त्याचा तोल जातो. हा समतोल राखण्याची सोय लिहिण्याच्या पद्धतीतच आहे, पण काही ठराविक बाइट असे निवडता येतात की ती सोय तोकडी पडते. असे सेक्टर कारखान्यातली यंत्रं काळजीपूर्वक लिहीत. घरगुती बर्नरपैकी बरेचसे तिथे गडबडत. मग कोणता बर्नर हे 'दुबळे सेक्टर' नीट लिहितो याची शौकिनांत चर्चा सुरू झाली. क्लोनसीडी या प्रोग्रॅमचं चिन्ह मेंढी होतं, म्हणून चांगल्या बर्नरला ही मंडळी 'दोन मेंढ्यांचा' म्हणत. बर्नर घेताना लोक मेंढ्या मोजायचे.

वाटेचं माप

सोनीच्या सीडी कारखान्यांच्या कंपनीचं 'सिक्युरॉम' आणि रशियन 'स्टारफोर्स' यांनी आणखी एक पायरी गाठली. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एका लांबलचक सर्पिल वाटेवर असते. कारखान्यात एका काचेच्या मूळ तबकडीवरून छापलेल्या सगळ्या सीड्यांवर ही वाट सारख्याच मापाची. कोरी सीडी मात्र दुसऱ्याच कारखान्यातून येते, आणि तिच्यावर लेझरने कुठून जायचं ती चाकोरी आधीच कोरलेली असते. त्यामुळे प्रतीमध्ये बाइट न् बाइट तोच असला तरी अमुक सेक्टर तबकडीवर नेमका कुठे पडतो ते बदलतं. एका सेक्टरवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो हे मोजलं की फरक कळतो. या मापाची कॉपी घरच्या बर्नरने होत नाही, कारण चाकोरी त्याच्या हातातच नाही.

सोनीच्याच पहिल्या प्लेस्टेशनचं कुलूप याच घराण्यातलं. मूळ सीडीच्या सुरुवातीच्या भागात वाटेला एक अगदी बारीक डुलणं दिलेलं होतं आणि त्या डुलण्यात विक्रीचा प्रदेश सांगणारी अक्षरं दडवलेली होती. बर्नर ते लिहूच शकत नव्हता. जपानमध्ये घेतलेली अस्सल सीडी अमेरिकेतल्या यंत्रात चालत नसे, तेही यामुळेच. म्हणजे कुलूप फक्त नकली मालासाठी नव्हतं.

पुढे सीडीवरचा भरवसा कमी करून इंटरनेटवरून नोंदणीची अट आली. २००८ मध्ये आलेल्या 'स्पोर' या खेळाला सुरुवातीला फक्त तीन कॉम्प्युटरची मर्यादा होती. ओरड झाली, मग मर्यादा पाचवर नेली, आणि अमेरिकेत दावाही दाखल झाला. आणि बिनकुलपाची चोरटी प्रत तोवर इंटरनेटवर फिरतही होती. जाच झाला तो पैसे भरून घेणाऱ्याला.

कुलूप राहिलं, किल्ली गेली

सेफडिस्कचा तो ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसत असल्यामुळे त्यातली चूक म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरला धोका. २००७ मध्ये तशी चूक सापडली. कॉम्प्युटरवर साधा प्रवेश असलेल्याला त्यातून पूर्ण ताबा मिळवता येत होता, आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने या ड्रायव्हरला जागाच ठेवली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरक्षेच्या अपडेटमधून व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला.

सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. पण परिणाम काय झाला? सीडी अस्सल, एकही ओरखडा नाही, पावती जपून ठेवलेली, आणि खेळ सुरू होत नाही. ज्याच्याकडे कुलूप काढलेली चोरटी प्रत होती त्याचं काहीच अडलं नाही. कुलूपवाली कंपनी, खेळ बनवणारी कंपनी आणि विंडोजवाली कंपनी या तीन वेगळ्या. ग्राहकाने पैसे मोजले एकीला, अडला तो तिसरीच्या निर्णयाने. दाद मागायला जागा कुठलीच नाही.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे बेळगाव असो, पणजी, इंदूर, वडोदरा वा हैदराबाद, नियम एकच. कलम ५२(१)(एए) नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे तो हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून राखीव प्रत काढू शकतो. वापर मूळ कामासाठीच हवा. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक पोटकलम आलं. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रत काढणंही उल्लंघन नाही.

मग कुलूप उघडलं तर? त्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी केलेली कृती या कलमातून वगळलेली आहे. मात्र असं काम करायला दुसऱ्या कोणी मदत केली, तर त्याने ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून दिलं जात असेल तर दुकानदाराला वही ठेवणं भाग आहे.

अमेरिकेचा कायदा इथे जास्त कडक. तिथे राखीव प्रतीचा हक्क आहे, पण १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यावरच बंदी घातली, हेतू कोणताही असो. सवलती मिळतात त्या दर तीन वर्षांनी ठरवून. युरोपात करारातल्या अटीने आवश्यक राखीव प्रत अडवता येत नाही. पण मूळ सीडी खराब झाली म्हणून ती राखीव प्रत विकता येत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. कायदा प्रत काढू देतो, पण प्रत निघेल अशी सीडी द्या असं कंपनीला कुठेच सांगत नाही. हक्क कागदावर आहे, तो वापरायची तजवीज ग्राहकाने स्वतः करायची.

हीच गोष्ट मराठी छापखान्यांना वेगळ्या रूपात माहीत आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' बराच काळ हार्डवेअर लॉकसह मिळत असे. कॉम्प्युटरच्या मागे खोचायची छोटी डबी, म्हणजे डाँगल. या पद्धतीत सीडीच्या हव्या तेवढ्या प्रती काढा, डबीशिवाय त्यांचा उपयोग नाही. जुन्या डब्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागत आणि ते पोर्ट आता कॉम्प्युटरला येतच नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या स्मरणिका, दिवाळी अंक, पत्रिका अशा फाइल्समध्ये अडकून पडल्या आहेत. जुनं मशीन चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घेतलेल्या बऱ्या.

हाताशी असलेले उपाय

कुलूप नसलेल्या सीड्या बऱ्याच असतात. त्यांची डिस्क इमेज आजच काढावी आणि हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावी. वेष्टणावरचा सीरियल नंबर लिहून ठेवावा, नाहीतर प्रत असूनही प्रोग्रॅम बसवता येणार नाही. पावती आणि मूळ सीडी टाकू नये. प्रत कायदेशीर ठरते ती मूळ सीडी आपल्याकडे असल्यामुळे. मूळ विकली की राखीव प्रतीवरचा हक्कही गेला. ती मित्राला देणं किंवा दुसऱ्या ऑफिसात वापरणं तर सरळ उल्लंघन. नकली आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर कलम ६३बी खाली किमान सात दिवसांची कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड होऊ शकतो.

सेफडिस्कवाला जुना खेळ असेल तर आधी तो बिनकुलपाचा विकत मिळतो का ते पाहावं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेल्या 'जीओजी' या दुकानात असे बरेच जुने खेळ मिळतात आणि त्यांची राखीव प्रत काढायला अडकाठी नाही. दुसरा मार्ग म्हणजे विंडोज एक्सपीचं जुनं मशीन इंटरनेटला न जोडता फक्त याच कामासाठी ठेवणं.

आणि सीडी जपायची तर चमकणाऱ्या बाजूइतकीच चित्र छापलेली बाजू सांभाळावी. माहितीचा थर त्याच बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो. खालच्या जाड प्लॅस्टिकवरचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा नाही. त्यामुळे चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये, आणि नाव घालायचंच तर मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर घालावं.